पानाचा चार्ज कुणाकडे?

कचेरीतल्या कारकुनाची बदली झाली की एक काम कधी चुकत नाही. ते म्हणजे चार्ज देणे. आवक-जावक रजिस्टर, कार्यविवरण पंजी, जडवस्तू संग्रह नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्के आणि पडून राहिलेल्या प्रकरणांची यादी, हे सर्व पुढच्या माणसाच्या हवाली करावे लागते. देणारा सही करतो, घेणारा सही करतो, साहेबांची सही होते आणि मगच माणूस मोकळा होतो. लोक या पद्धतीला नावे ठेवतात, कागदी घोडे म्हणतात. पण माणूस गेला तरी काम थांबू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे.

आता आमचा प्रश्न असा की, आपल्या संघटनांची जी पाने इंटरनेटवर आहेत त्यांचा चार्ज कुणाकडे असतो? आणि तो कुणी कुणाला रीतसर देतो काय? गेली काही वर्षे आम्ही आमच्या कर्मचारी संघटनेत या कामाला हातभार लावत आलो आहोत. शहरातल्या इतर संघटनांचे कार्यकर्तेही भेटतात, बोलतात. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते, "एक पोरगा होता, तोच बघायचा." पोरगा पुण्याला नोकरीला लागला. पान मात्र त्याने सोडले त्या दिवसावर थांबून राहिले.

हा विषय संगणकवाल्यांचा आहे, आपल्याला त्यात काय कळते, असे म्हणून कृपया हे पान उलटू नका. यात संगणक थोडा आणि व्यवहार जास्त आहे. ज्या घरातला कुणी कर्मचारी आहे, परिचारिका आहे, शिक्षक आहे किंवा ज्या घरातले मूल इंजिनिअरिंगला आहे, त्या प्रत्येक घराशी याचा संबंध येतो.

संघटनेच्या पोटातल्या समित्या

एकाच पेशातले लोक एकत्र येऊन जी संघटना काढतात तिचे मुख्य काम पगार, बढती, बदली, कामाच्या अटी यांचे असते. पण चांगल्या संघटनेच्या पोटात हळूहळू लहान लहान गट तयार होतात. रक्तदान करणाऱ्यांचा गट, मुलांना स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन करणारा गट, महिलांची समिती, निवृत्त सभासदांच्या पेन्शनची कागदपत्रे पाहणारा गट. या गटांत काम करणाऱ्यांना कुणी पगार देत नाही. कचेरी सुटल्यावर आणि रविवारी ते काम करतात. संघटनेचे नाव समाजात टिकते ते बहुधा याच लोकांमुळे.

पूर्वी अशा गटांची सूचना काचेच्या फळ्यावर लागायची. टाचण्या मारलेला कागद, खाली सचिवांची सही. तारीख उलटली की शिपाई तो कागद काढून टाकायचा. आता तीच सूचना संघटनेच्या संकेतस्थळावर, त्या गटाच्या स्वतंत्र पानावर जाते. सोय मोठी आहे. कन्नड किंवा पैठण तालुक्यातल्या सभासदाला ती घरबसल्या दिसते. पण काचेच्या फळ्यावरचा जुना कागद काढणारा शिपाई इथे नाही. कागद कुणी काढला नाही, तर तो वर्षानुवर्षे तसाच लागून राहतो आणि नव्यासारखाच दिसतो.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या पाहण्यातल्या एका गोष्टीवरून सांगतो. एका संघटनेच्या मार्गदर्शन समितीने आपल्या पानावर मोफत वर्गाची सूचना टाकली होती. "रविवार, दिनांक १०, सकाळी ११ वाजता, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे" एवढाच मजकूर होता. महिना नव्हता, साल नव्हते. ती सूचना आदल्या वर्षीची होती. पुढच्या वर्षी नेमका तसाच रविवार आणि तीच तारीख आली तेव्हा एक बाप आपल्या मुलाला घेऊन एसटीने शहरात आला. हॉलला कुलूप होते. पानावरच्या नंबरवर फोन केला तर तो बदली होऊन नांदेडला गेलेल्या कार्यकर्त्याने उचलला. बापाचा एक दिवसाचा रोज बुडाला, जाण्यायेण्याचे भाडे गेले. पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच होते. घरी जाताना तो म्हणाला, "या संघटनावाल्यांचं काही खरं नसतं." ज्यांनी आपले रविवार खर्ची घालून शंभर मुले शिकवली, त्यांच्या पदरी हे वाक्य आले.

सरकारी कचेऱ्यांवर याबाबत कायद्याचे बंधन आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्याचे कलम ४ पाहा. कचेरीने स्वतःहून १७ बाबींची माहिती प्रसिद्ध करायची आणि दर वर्षी ती अद्ययावत करायची, असे त्यात सांगितले आहे. स्वयंसेवकांच्या गटाला असे कलम नाही. पण पान वाचून जो घरून निघतो, त्याच्या दृष्टीने सरकारी पान आणि संघटनेचे पान यात काय फरक आहे? दोन्हीवर त्याने सारखाच भरवसा ठेवलेला असतो.

हा शोधच मुळी चार्ज न दिल्याने लागला

इंटरनेटवरची पाने ही कल्पना कुठून आली, हे पाहिले तर गंमत वाटेल. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची मोठी विज्ञान संस्था आहे. तिथे जगभरातले शास्त्रज्ञ येतात, दोनेक वर्षे काम करतात आणि परत जातात. कुणी काय केले, कोणते यंत्र कशाला जोडले आहे, कोणता कागद कुठे आहे, ही माहिती त्यांच्याबरोबर निघून जायची. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध करावी लागे. टिम बर्नर्स-ली हे तिथे काम करीत होते. त्यांनी मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. माणसे जातात आणि माहिती हरवते, हे दुखणे त्यात नमूद होते. कागदाला कागद जोडून ठेवावा, म्हणजे कुणालाही एकावरून दुसऱ्यावर जाता येईल, असा त्यावर उपाय होता. त्यातूनच आजची वेबपाने जन्माला आली.

पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. कुणाची परवानगी नको, कुणाला पैसे द्यायला नकोत. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे ज्या साधनाचा जन्मच मुळी बदलून जाणाऱ्या माणसांची माहिती टिकावी म्हणून झाला, ते साधन आपण वापरतो आणि त्याचाच चार्ज द्यायला विसरतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मोठ्या संघटना काय करतात

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातल्या इंजिनिअरांची आयईईई ही अमेरिकेत मुख्यालय असलेली संघटना घ्या. १९६३ साली दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ती झाली. आज तिचे ४ लाखांहून अधिक सभासद जगभर पसरले आहेत. तिच्या पोटात शहरांचे विभाग आहेत, विषयांचे गट आहेत, महिला इंजिनिअरांचे गट आहेत आणि कॉलेजांतून विद्यार्थ्यांच्या शाखा आहेत. हे गट सभासदच स्वयंसेवक म्हणून चालवतात. विद्यार्थी शाखेचे तर पाहायलाच नको. ज्याने यंदा पान सांभाळले तो पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर. म्हणून या संघटनेने आपल्या गटांना पाने ठेवायला स्वतःकडची जागा दिली. बैठका नोंदवायची, अहवाल भरायची साधने दिली. ही साधनेसुद्धा स्वयंसेवकांनीच स्वयंसेवकांसाठी घडवलेली आहेत. जागा संघटनेची असल्यामुळे मुलगा गेला तरी घर संघटनेकडेच राहते, नवा भाडेकरू आत येतो.

आपल्या देशात कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संगणक क्षेत्रातल्या लोकांची संघटना १९६५ साली स्थापन झाली. तिच्याही शहरवार शाखा आणि कॉलेजांतल्या विद्यार्थी शाखा आहेत. परिचारिकांची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया त्याहून जुनी, १९०८ ची. तिच्या अंतर्गत विद्यार्थी परिचारिकांची संघटना १९२९ पासून आहे. आपल्या शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. घाटी रुग्णालयात काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना अशा संघटनांची दारे उघडी असतात. तिथे एखाद्या गटाचे पान सांभाळायची संधी आली तर मुलांनी ती सोडू नये आणि आईवडिलांनीही "फुकटची कामं" म्हणून अडवू नये. मजकूर नेटका लिहिणे, वेळेवर लावणे, चार माणसांकडून माहिती काढणे आणि शेवटी काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे, हे पुढे नोकरीत पदोपदी लागते.

मराठीतलेही एक उदाहरण डोळ्यापुढे ठेवण्यासारखे आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाने आपले खंड संकेतस्थळावर आणले, आणि नव्या नोंदींसाठी विषयवार ज्ञानमंडळे नेमली. एकेका विषयाची जबाबदारी एकेका विद्यापीठाने किंवा संस्थेने घेतली. नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि ती तपासणाऱ्या समीक्षकाचेही. त्यामुळे कुणी लिहिले आणि कुणी पाहिले, हे वाचकाला कळते. आपल्या रक्तदान समितीचे पान विश्वकोशाएवढे मोठे नसेल, पण लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही रीत तिथेही चालते.

पाने बंद पडतात ती कशी

पहिले कारण म्हणजे किल्ली एकाच खिशात. पान सुरू करताना ज्या कार्यकर्त्याने उत्साह दाखवला, त्याच्याच खासगी ई-मेलवर खाते उघडले जाते. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. पुढे त्याची बदली होते, मोबाइल बदलतो, कधी मनमुटाव होतो, कधी माणूस जगातूनच जातो. मग संघटनेला स्वतःच्याच घरात शिरता येत नाही. गुगल कंपनीने डिसेंबर २०२३ पासून आणखी एक नियम लावला आहे. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते आतल्या कागद-फोटोंसह काढून टाकले जाऊ शकते. ज्या समितीचे सगळे फोटो कुणा एकाच्या जुन्या खात्यात आहेत, तिने हा नियम ध्यानात घ्यावा.

दुसरे कारण म्हणजे पत्त्याचे भाडे. संकेतस्थळाचा जो पत्ता असतो, त्याला डोमेन म्हणतात. तो विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतो. भारताच्या 'डॉट इन' पत्त्यांचे काम निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असाही पत्ता घेता येतो. भाडे भरले नाही तर काही दिवसांची सवलत मिळते आणि मग तो पत्ता कुणालाही घेता येतो. आमच्या माहितीतल्या एका संघटनेचा पत्ता असाच गेला. भाडे भरायची आठवण ज्या ई-मेलवर यायची तो ई-मेल कुणी उघडतच नव्हते. पुढे त्याच पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागल्या. जुन्या पत्रकांवर, सभासदांच्या कार्डांवर तो पत्ता छापलेला होता. पेन्शनची माहिती शोधायला गेलेल्या निवृत्त बाईंना जुगाराचे आमंत्रण मिळाले!

तिसरे कारण म्हणजे फुकटची जागा. फुकट जागेवर पान उघडायला हरकत नाही, पण घरमालक कधीही घर पाडू शकतो हे ध्यानात ठेवावे. जिओसिटीज नावाच्या जागेवर जगभरच्या लोकांनी आणि मंडळांनी लाखो पाने थाटली होती. याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद केली. आपल्याकडे तरुणांमध्ये गाजलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी आपल्या फोटोंची आणि मजकुराची प्रत काढून ठेवली होती त्यांचे वाचले, बाकीच्यांचे गेले. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जुन्या पानांच्या प्रती साठवते. तिथे कधी कधी हरवलेले पान सापडते. पण आपल्या संघटनेची आठवण परक्याच्या भरवशावर किती दिवस ठेवायची?

चौथे कारण अक्षरांचे. पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसे. वास्तविक युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत १९९१ पासून देवनागरीला जागा आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले कुठल्याही मोबाइलवर वाचता येते आणि शोधले तर सापडते. आजही काही ठिकाणी डीटीपीवाल्याकडून पत्रक करून घेतात आणि त्याचा फोटो पानावर लावतात. फोटो दिसायला देखणा, पण शोधणाऱ्याला त्यातला एक शब्द सापडत नाही. अंध सभासद मोबाइलकडून मजकूर वाचून घेतात, त्यांना तर तिथे काहीच ऐकू येत नाही. फोटो जरूर लावा, पण तारीख, वेळ, जागा आणि फोन एवढे तरी खाली अक्षरांत लिहा.

नाव कोणते लिहावे

आपल्या शहराच्या बाबतीत एक वेगळाच पेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे व विभागाचेही नाव बदलले. संघटनांच्या पानांवर आजही कुठे जुने नाव, कुठे नवे. शोधणारा माणूस जे नाव त्याच्या तोंडात आहे तेच लिहून शोधतो. आपल्या विद्यापीठाचे तसेच आहे. ते १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याआधी पदवी घेतलेल्याच्या प्रमाणपत्रावर जुने नाव आहे, त्याच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर नवे.

आमची सूचना साधी आहे. मथळ्यावर आणि पत्त्यात आजचे अधिकृत नाव लिहावे. खाली एका ओळीत जुने नावही द्यावे, म्हणजे जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही पान सापडेल. मात्र जुने अहवाल, जुनी इतिवृत्ते यांतली नावे बदलू नयेत. १९९० सालच्या बैठकीच्या इतिवृत्तात तेव्हा जे लिहिले गेले तेच राहिले पाहिजे. हिशेबाच्या वहीत जुन्या नोंदीवर खाडाखोड करीत नाहीत, हा धडा आम्ही बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकलो.

काय लावू नये

काय लावावे याइतकेच काय लावू नये हेही महत्त्वाचे आहे. रक्तदात्यांची यादी नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि रक्तगटासह पानावर टाकलेली आम्ही पाहिली आहे. हेतू चांगलाच होता. पण त्यातल्या एका भगिनीला रात्री-अपरात्री अनोळखी फोन येऊ लागले आणि तिने रक्तदानच थांबवले. यादी समितीच्या वहीत असावी आणि पानावर समितीचा एकच नंबर असावा. ज्याला रक्त हवे तो समितीला फोन करील, समिती दात्याला करील.

शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचे जातीचे दाखले, आधार कार्डे, बँकेच्या पासबुकाची पाने कुणी कौतुकाने लावली असतील तर ती आजच काढावीत. लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण कायदा दूर ठेवला तरी, गरीब घरातल्या मुलाचे कागद चव्हाट्यावर मांडायचे नाहीत, एवढी माणुसकी आपल्याजवळ आहेच.

मालक कोण, कार्यकारिणी की समिती?

या कामात खरा वाद यंत्रावरून होत नाही, माणसांवरून होतो. कार्यकारिणीला वाटते की पानावर जे जाईल ते आधी आपल्याला दाखवावे. समितीला वाटते की प्रत्येक सूचनेसाठी अध्यक्षांच्या सहीची वाट पाहिली तर शिबिर होऊन जाईल. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. संघटनेच्या नावाने उद्या कुणी भलतेच काही लिहिले, तर जाब अध्यक्षांनाच द्यावा लागतो. उलट कार्यकर्त्याचा हात प्रत्येक ओळीला धरला तर तो दोन महिन्यांत कंटाळून घरी बसतो.

आमच्या अनुभवाने यात अशी वाटणी करावी. संघटनेचे नाव, चिन्ह, पत्ता, पदाधिकाऱ्यांची यादी, वर्गणीचे आकडे आणि संघटनेची भूमिका यांवर कार्यकारिणीचा अधिकार. शिबिरे, वर्ग, बैठका, फोटो आणि अहवाल यांवर समितीचा अधिकार. समितीतल्या एकाने लिहावे आणि दुसऱ्याने वाचून मगच लावावे. कुणाची वैयक्तिक स्तुती किंवा निंदा त्या पानावर नसावी. एवढे एकदा ठरावात लिहून घेतले की रोजची कटकट मिटते.

आणखी एक. प्रत्येक समितीला स्वतंत्र पान हवेच असा हट्ट धरू नये. आठ पाने उघडायची आणि सहा ओस पडायची, त्यापेक्षा दोनच पाने ताजी ठेवलेली बरी. जी समिती वर्षातून एकदाच कार्यक्रम घेते, तिची सूचना मुख्य पानावर लावली तरी भागते.

काही जण विचारतील, व्हॉट्सअपचा ग्रुप असताना हे सगळे कशाला? व्हॉट्सअपवर निरोप झटकन जातो हे खरे. पण तो ग्रुपमध्ये असणाऱ्यांनाच जातो. संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या फुलांखाली तो दडपला जातो. वाळूजच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचा मुलगा कुठल्याच ग्रुपमध्ये नसतो. त्याला जे सापडते ते उघड्या पानावरच सापडते. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठीच तर पान असते.

चार्जची यादी

म्हणून प्रत्येक संघटनेने आपल्या पानांची चार्ज यादी करावी. एक फुलस्केप कागद पुरेसा आहे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

१. संकेतस्थळाचा पत्ता कुणाच्या नावाने घेतला आहे आणि त्याचे भाडे कोणत्या तारखेला संपते. पत्ता संघटनेच्या नावावरच असावा आणि भाडे संघटनेच्या खात्यातून भरावे.

२. खात्याचा ई-मेल. तो कुणा व्यक्तीचा नसावा, संघटनेचा असावा. ओटीपीसाठी संघटनेचा मोबाइल असावा.

३. पान उघडण्याचा अधिकार असलेल्या दोन व्यक्तींची नावे. एक नको आणि दहाही नकोत. पासवर्ड बंद लिफाफ्यात, सही-शिक्क्यासह कोषाध्यक्षांच्या कपाटात. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा.

४. सर्व मजकूर आणि फोटो यांची प्रत. दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी.

५. पान तपासण्याचा ठरलेला दिवस, समजा, दर महिन्याचा पहिला रविवार. होऊन गेलेल्या कार्यक्रमांच्या सूचना काढायच्या, नंबर लागतात की नाही ते फोन करून पाहायचे, आणि पानाच्या तळाशी "शेवटची दुरुस्ती" म्हणून तारीख, महिना आणि साल लिहायचे.

६. अपुरी राहिलेली कामे. कुणाचा अहवाल यायचा आहे, कुठला फोटो काढायचा आहे.

वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर होतो त्याच्या पुढचाच विषय "संकेतस्थळाचा चार्ज" असा ठेवावा. जुन्या आणि नव्या कार्यकर्त्याच्या सह्या व्हाव्यात आणि कागद इतिवृत्ताच्या वहीला जोडावा. आमच्या संघटनेत हे सुरू झाले तेव्हा काही ज्येष्ठ सभासद हसले होते. पण पुढे दोन कार्यकर्ते एकदमच बदलून गेले आणि पान एक दिवसही बंद पडले नाही, तेव्हा त्यांनीच ही यादी मागून घेऊन आपल्या पतसंस्थेत लागू केली.

काम करणाऱ्याचे नाव

शेवटी एका गोष्टीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधायचे आहे. रक्तदान शिबिरात उद्घाटकाला शाल मिळते, प्रमुख पाहुण्याला पुष्पगुच्छ मिळतो, मंडपवाल्याचेही आभार मानले जातात. त्या रात्री बारापर्यंत बसून फोटो निवडणारी, रक्तदात्यांची संख्या तपासून अहवाल लिहिणारी मुलगी कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा ती कुणा सभासदाची मुलगी किंवा सून असते. तिला संघटनेचे सभासदत्वही नसते. दिवसभर नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक आणि उरलेल्या वेळात हे काम. घरातल्यांना वाटते ती मोबाइल खेळत बसली आहे.

हे कामच आहे, हे आधी घरात कबूल झाले पाहिजे. त्या वेळेत चहाची भांडी दुसऱ्या कुणी घासली तर बिघडत नाही. आणि संघटनेतही कबूल झाले पाहिजे. वार्षिक अहवालात पान सांभाळणाऱ्याचे नाव छापावे, त्याच्या इंटरनेटचा खर्च द्यावा, तरुणांना कामाचे प्रमाणपत्र द्यावे, आणि ज्या बैठकीत कार्यक्रम ठरतात त्या बैठकीत त्याला बसवावे. ज्याला बैठकीत जागा नाही, त्याच्याकडून ताज्या बातमीची अपेक्षा कशी करायची?

वाचकहो, आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घ्या आणि आपापल्या संघटनेचे पान उघडा. पदाधिकाऱ्यांच्या यादीत निवृत्त झालेले किती आहेत ते पाहा. दिलेला फोन लावून पाहा. पानाच्या तळाशी तारीख शोधा. ती या महिन्यातली असली तर पान सांभाळणाऱ्याला दोन शब्द कौतुकाचे कळवा. मागच्या कुठल्या सालातली असली तर येत्या सभेत उठून उभे राहा आणि शांतपणे एवढेच विचारा, "साहेब, पानाचा चार्ज कुणाकडे आहे?"